उजवीकडे कललेलं जग

"टेबल सरळ आहे. फरशी वाकडी आहे."

हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि टेबलावरचा दुधाचा पेला नुकताच तिच्या मांडीवर येऊन बसला होता. आवाज बाबांचा. ठाम, खर्जातला, रंधा मारल्यासारखा गुळगुळीत.

बाबा सुतार. साधेसुधे नव्हेत. त्यांनी केलेलं दार लागताना आपटत नसे, नुसता सुस्कारा टाकत असे. त्यांच्या खिडकीतून वारासुद्धा विचारून आत येतो, असं गल्लीतले लोक म्हणायचे. अशा माणसाने जन्मभर लोकांची घरं सजवून झाल्यावर एकदा स्वतःच्या घरासाठी जेवणाचं टेबल केलं, आणि ते डुगडुगलं. तीन पाय जमिनीवर आणि चौथा जरासा वर, चिखल लागू नये म्हणून पाऊल उचलून धरणाऱ्या नव्या नवरीसारखा.

शेजारी हसले. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि निकाल दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरावाही आणला. पुरावा म्हणजे त्यांची पाणसळ. हातभर लांब शिसवी पट्टी, तिच्या मधोमध पितळेच्या पत्र्यात बसवलेली काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एकुलता एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला तर जागा सरळ; ज्या बाजूला पळाला ती बाजू उंच. बाबांनी शेजाऱ्यांच्या देखत पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे असा पळाला, जणू तिकडे त्याचं माहेर होतं.

"बघा," बाबा म्हणाले. "सगळा उतार उजवीकडे."

शेजारी माना डोलवत पांगले. आई बोलायची कमी आणि गुणगुणायची जास्त. भांडी घासता घासता, केस विंचरता विंचरता तिच्या ओठांवर ओळी जुळायच्या. त्या संध्याकाळी ती टेबल पुसता पुसता म्हणत होती:

"टेबलाला पाय चार,
तिघे कष्टाळू, एक बेकार.
खांबाला खांब, मातीला माती,
कुणाचं वाकडं कुणाच्या माथी."

मग तिने शांतपणे विचारलं, "फरशी वाकडी आहे ना? मग उकरून नवी घालू या."

बाबांना नाही म्हणता येईना. काळपट फरशी गेली, लालसर आली. टेबल डुगडुगतच राहिलं. बाबांनी पाणसळ ठेवली, बुडबुडा डावीकडे. "गवंड्याला काम येत नाही," बाबा म्हणाले. चार वर्षांनी लालसर फरशी गेली आणि फिकट पिवळी, कडेला वेलबुट्टी असलेली आली. टेबल डुगडुगलं, बुडबुडा डावीकडे गेला, आणि बाबांनी टेबलाच्या चौथ्या पायाखाली घालायला पुठ्ठा कापून ठेवला.

लेक या सगळ्यातून शिकत मोठी झाली. बाबांनी तिला लाकडाचा वास ओळखायला शिकवलं, करवतीला धार लावायला शिकवलं, आणि एक नियम तर असा घोकून घेतला की झोपेतही म्हणावा: "कमी पडलं तर वाढवायचं. जास्त झालं म्हणून कापायचं नाही." पाणसळीला मात्र ते हात लावू देत नसत. ती चोरून लावायची. दप्तरात घालून शाळेत न्यायची, दवाखान्यात न्यायची, मैत्रिणीच्या घरी न्यायची. बाबांनी पट्टीच्या एका अंगाला कोरलेलं इवलंसं पाखरू नेहमी आपल्याकडे तोंड करून ठेवायची आणि बुडबुड्याकडे बघायची. डावीकडे. शाळेत डावीकडे, दवाखान्यात डावीकडे, सगळीकडे डावीकडे. विसाव्या वर्षापर्यंत तिचं पक्कं मत झालं होतं. काही लोकांना जग वाईट वाटतं, काहींना छान वाटतं. तिला ते उजवीकडे कललेलं वाटायचं.

आणि त्या कललेल्या जगासाठी काहीतरी करायचं तिने ठरवलं.

टेबलांच्या लोखंडी फ्रेमा करणाऱ्या एका कारखान्यात ती आराखडे काढायला लागली. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने बाबांकडे पाणसळ मागितली.

"नवी घे," बाबा म्हणाले.

"मला हीच हवी."

"नवी चांगली मिळते. ही जुनी झाली."

ती हट्टाने पेटीतून पाणसळ काढून निघाली. बाबांनी अडवलं नाही. फक्त तोंड फिरवून अंगणात जाऊन बसले. तिला वाटलं, आपण अजून या पाणसळीच्या लायकीच्या नाही, असं बाबांच्या मनात आहे. हे वाटणं तिने कुणाला सांगितलं नाही. दहा वर्षं ते चपलेतल्या खड्यासारखं बरोबर चालत राहिलं.

कारखान्यात तिला सगळे मिलीमीटर म्हणायचे. कारण ती चहाच्या कपाची दांडीसुद्धा मोजून मग उचलायची. खरं मोजमाप तिथे लोखंडी पाटावर आणि मोजपट्टीने चालायचं. पाणसळीचं काम पडायचं नाही. पण टेबलाच्या खणात ती असायची, आणि नवीन जागी गेलं की मिलीमीटर तिथली फरशी बघून यायची आणि समाधानाने म्हणायची, "वाकडी."

दहा वर्षांच्या खटपटीनंतर तिची फ्रेम उभी राहिली. बाकीच्या फ्रेमा एका दांडीने चारही पाय एकदम वरखाली करायच्या. हिच्या फ्रेमेत चारही पाय स्वतंत्र. प्रत्येक पायाच्या आत आटे पाडलेली सळई, प्रत्येक पायाला आपली छोटी मूठ. मूठ फिरवा, तेवढाच पाय वर. चार बहिणींचे चार स्वभाव, आणि चौघींचं ऐकून घेणारी एक फ्रेम.

"ही कुठल्याही फरशीवर सरळ उभी राहील," तिने मालकांना सांगितलं. "नदीकाठी ठेवा, डोंगरउतारावर ठेवा. जगातली सगळ्यात वाकडी फरशी दाखवा मला."

मालकांच्या काखेत एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक असायचं. त्यात तयार फ्रेमांची चित्रं होती. बाहेरून आणायच्या, नाव चिकटवायचं, विकायच्या. मालकांचा जीव त्या पुस्तकावर जडला होता. ते म्हणाले, "घड्याळ दुरुस्तीची शाळा आहे ना, तिथे चाळीस फ्रेमा हव्यात. तुझी एक घेऊन जाऊ. त्यांनी पसंत केली तर ठीक. नाही केली तर आराखड्यांची खोली बंद, आणि तू हे पुस्तक घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचं."

"पसंत करतील," मिलीमीटर म्हणाली.

फ्रेम तिच्याबरोबर घडवणारे वेल्डरकाका बाजूला हातमोजे काढत होते. ते म्हणाले, "पाणसळ घे हो बरोबर. मोठ्या दिवसाला वडिलांचं काहीतरी हातात असावं."

तिने घेतलीच होती.

घड्याळांची शाळा म्हणजे एक लांबलचक दालन. भिंतीवर शंभरेक घड्याळं, प्रत्येक आपापल्या मताचं. खाली जुन्या शाळेतून आलेली बुटकी बाकं, आणि त्यांवर चाळीस मोठी माणसं, पाठीचे अर्धगोल करून, नाकं जवळजवळ घड्याळांच्या आत घालून बसलेली. त्यांच्यापुढे मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान स्क्रूंच्या वाट्या. या सगळ्यांचे प्रमुख घड्याळगुरुजी. पस्तीस वर्षं बुटक्या बाकावर वाकून त्यांची मान पुढे अशी आली होती की ते कुणाशीही बोलताना त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलत.

"उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर," ते मालकांच्या बटणाला म्हणाले. "आमच्या बाकांच्या फळीची तीच आहे. आणि टेबल हललं नाही पाहिजे, कललं नाही पाहिजे. इथे एक स्क्रू घरंगळला की दिवस गेला."

फ्रेम दालनाच्या मधोमध उभी राहिली, वर फळी बसली. मिलीमीटरने पाणसळ काढली, पाखरू आपल्याकडे केलं आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे.

"वाकडी," ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. जुन्या ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता.

"काय वाकडी?" गुरुजींनी विचारलं.

"फरशी. उतार उजवीकडे आहे. काळजी करू नका, त्यासाठीच तर ही फ्रेम आहे."

तिने पाणसळ फळीवर ठेवली आणि उजवीकडच्या दोन मुठी फिरवल्या. बुडबुडा मधोमध आला. ती दोन पावलं मागे सरकली, हात पुसले. "झालं. सरळ."

गुरुजी टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी खिशातून ज्वारीएवढा एक छर्रा काढला आणि फळीवर ठेवला. छर्रा क्षणभर थांबला, विचार केल्यासारखा, आणि मग त्यांच्या उजव्या हाताकडे सुटला. वेल्डरकाकांनी तो कडेला झेलला.

"माझ्या बाजूने उतार दिसतोय," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या बाजूने?" मिलीमीटर वळसा घालून पलीकडे गेली. पाणसळ ठेवली, पाखरू आपल्याकडे. बुडबुडा डावीकडे, तोही अगदी कोपऱ्यात. "हो की. इकडेही उजवीकडेच उतार आहे. फरशीचं कठीणच आहे तुमच्या." तिने या बाजूच्या उजव्या मुठी फिरवल्या. या खेपेला टेबल चांगलं दोन बोटं उचलावं लागलं. बुडबुडा मधोमध आला.

गुरुजींनी छर्रा ठेवला. तो उलट्या दिशेला सुटला. मालकांनी झेलला.

मिलीमीटर पुन्हा अलीकडे आली. बुडबुडा डावीकडे. मुठी फिरवल्या. दोन बोटं वर. छर्रा तिकडे गेला. ती पलीकडे गेली. दोन बोटं वर. छर्रा इकडे आला. भिंतीवरचे लंबक एका तालात हलत होते, छर्रा त्यांच्या तालात हलत होता, आणि मिलीमीटर छर्ऱ्याच्या तालात टेबलाभोवती फिरत होती. चाळीस शिकाऊ माणसांच्या चाळीस माना तिच्याबरोबर डावी-उजवी होत होत्या.

"मूठ उलटी फिरवून खाली आणली तर?" मालकांनी हळूच सुचवलं.

"कमी पडलं तर वाढवायचं," मिलीमीटर दात आवळून म्हणाली. "खाली आणायचं नाही."

वेल्डरकाका तिच्या कानाशी आले. "पोरी, आपण टेबल करायला आलो होतो. हा आता मनोरा होतोय."

खरंच टेबल वाढत होतं. कमरेएवढं होतं ते पोटाला लागलं, पोटाला होतं ते छातीकडे निघालं. बारावी फेरी झाली तेव्हा मिलीमीटर फळीला दोन्ही हातांनी धरून थांबली. केस कपाळाला चिकटलेले, श्वास वर. डोळ्यांपुढे ते गुळगुळीत कागदाचं पुस्तक नाचत होतं. असं कसं होतं? मी उजवी बाजू उचलते. वळसा घालून येते. तीच बाजू आता डावी असते, ती उंच दिसते, म्हणजे समोरची खाली गेलेली असते. मी उचलते आणि ती खाली जाते. पाय तर आट्यावर घट्ट आहेत. मग खाली जातंय काय?

तिला एकदम उमगलं, आणि अंगावर काटा आला.

"काका," ती कुजबुजली, "फरशी खचतेय."

आता हे कुजबुजणं होतं. पण दालन घड्याळवाल्यांचं. स्क्रू पडल्याचा आवाज ऐकायची सवय असलेले चाळीस जोडी कान. पहिल्या बाकावरून दुसऱ्या बाकावर बातमी गेली की फरशी खचतेय. तिसऱ्या बाकावर तिच्याखाली जुनी विहीर निघाली. सहाव्या बाकावर विहिरीचं तळं झालं, आणि दारापर्यंत जाईतो इमारतीला तडा गेला होता.

"सगळे बाहेर," गुरुजी शांतपणे म्हणाले. "घड्याळं घेऊन."

चाळीस माणसं, पोटाशी स्क्रूंच्या वाट्या धरून, श्वास रोखून, पिंजऱ्यातल्या पाखरांना सांभाळावं तशी घड्याळं सांभाळत अंगणात गेली. तेवढ्यात अकरा वाजले. शंभर घड्याळांचे अकरा. काही एकदम, काही मागाहून, एक तर बरंच विचार करून. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. कुणीतरी विचारलं, "कुणाचं लग्न?"

मालक अंगणात एका कुंडीवर बसले आणि काखेतलं पुस्तक उघडून पानं चाळू लागले. मिलीमीटरला ती पानं उलटताना होणारा आवाज त्या शंभर ठोक्यांपेक्षा मोठा वाटला.

गुरुजींनी फरशी घातलेल्या गवंड्याला बोलावून घेतलं. तो जवळच राहायचा. आला तो खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं टाकून आणि कपाळावर आठ्या घालून. म्हातारा होता, पण राग ताजा होता.

"माझी फरशी खचतेय असं कोण म्हणालं?"

सगळ्यांनी मिलीमीटरकडे बघितलं. मिलीमीटरने पाणसळीकडे बघितलं.

गवंड्याने नळीत पाणी भरलं. एक टोक वेल्डरकाकांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेला. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना आपोआप सारखं उभं राहतं. तिथे भिंतीवर खूण करायची आणि खाली फरशीपर्यंत मोजायचं. त्याने चारही कोपऱ्यांत मोजलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"ही फरशी पाण्यापेक्षा सरळ आहे," तो म्हणाला. "पाण्याला लाट तरी येते."

"पण माझी पाणसळ..." मिलीमीटर म्हणाली.

"उलटी फिरवून बघितलीत का?"

"म्हणजे?"

गवंडी तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या हातातून त्याने पाणसळ घेतली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे. "आता बघा." त्याच जागी, त्याच रेघेवर, त्याने ती टोकांची अदलाबदल करून ठेवली. पाखरू पलीकडे गेलं. बुडबुडा उजवीकडे पळाला.

"फरशी एकाच वेळी दोन्हीकडे उतरत नसते, ताई. हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाणसळ हातात घेतली की आधी उलटी फिरवायची. दोन्हीकडून बुडबुडा मधोमध, तर पाणसळ खरी. कुणाकडे शिकलात तुम्ही?"

"बाबांकडे," ती म्हणाली.

"आणि त्यांनी हे नाही शिकवलं?"

तिच्या डोळ्यांपुढून एकेक फरशी जात होती. शाळेची, दवाखान्याची, मैत्रिणीच्या घरची. तेवीस वर्षं ज्यांना तिने वाकडं म्हटलं त्या सगळ्या फरश्या सरळ उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. म्हणजे फरश्या आडव्याच होत्या. तीच तर त्यांची बाजू होती.

मालक पुस्तक मिटून दारात येऊन उभे राहिले. "निघू या?" त्यांनी विचारलं. हळुवारपणे विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

मिलीमीटरने पदर खोचला. "दोन मिनिटं," ती म्हणाली. "काका, नळी धरा."

आणि मग जे झालं ते बघायला अंगणातली माणसं एकेक करून दारात जमली. तिने नळीची दोन टोकं फळीच्या दोन कोपऱ्यांना लावली. एक मूठ फिरवली, अर्धा फेरा. दुसरी, पाव. टोकं तिसऱ्या कोपऱ्याकडे, चौथ्याकडे. हात असे चालत होते जसे आईचे वेणी घालताना चालायचे, न बघता, न चुकता. दोन मिनिटं म्हटली होती. एका मिनिटात मुठी थांबल्या.

"छर्रा," ती म्हणाली.

गुरुजींनी छर्रा ठेवला. छर्रा हलला नाही. त्यांनी बोटाने ढकलला. जरासा गेला आणि थांबला. पाळण्यातलं पोर झोपी जावं तसा थांबला. गवंड्याने फळीवर थाप मारली, मालकांनी कोपऱ्यावर भार दिला, वेल्डरकाका तर कोपरं टेकून लटकलेच. छर्रा जागचा हलेना.

"फरशी चुकली तरी हिने सांभाळलं असतं," गवंडी फ्रेमेच्या मुठी निरखत म्हणाला. "माणूस चुकलं तेही सांभाळलं. चांगली आहे वस्तू."

मिलीमीटरने मुठीला हात घातला. "फार वर गेलंय, खाली आणते. पंच्याहत्तरवर."

"थांबा," गुरुजी म्हणाले.

त्यांनी एक स्टूल ओढलं. टेबल त्यांच्या छातीला लागत होतं. त्यांनी दोन्ही कोपरं फळीवर टेकवली, डोळ्याला भिंग लावलं, उघडं घड्याळ पुढे घेतलं. घड्याळ आपण होऊन त्यांच्या डोळ्यांपाशी आलं होतं. त्यांना घड्याळापाशी जावं लागलं नाही. त्यांनी एक स्क्रू उचलला, बसवला. दुसरा उचलला, बसवला. दालनात कुणी हललं नाही. बराच वेळ गेला.

"गुरुजी," पहिल्या बाकावरचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "मान."

"काय झालं मानेला?"

"सरळ आहे."

गुरुजींनी भिंग काढलं. वर बघितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते मालकांच्या बटणाशी नाही, डोळ्यांशी बोलले. "ही उंची कुणी ठरवली?"

मालकांनी मिलीमीटरकडे बघितलं. वेल्डरकाका म्हणाले, "फरशीने."

"खरं सांगू?" मिलीमीटर म्हणाली. "माझी चूक झाली. पाणसळ चुकीची होती आणि मी उचलतच गेले. मुद्दाम काही केलं नाही."

"मग आमची बाकं कोणी मुद्दाम बुटकी केली होती?" गुरुजी म्हणाले. "चाळीस फ्रेमा द्या. उंची ज्याची त्याला लावून द्या, प्रत्येकाची मान वेगळी आहे. आणि ही पहिली इथून हलवू नका."

दारातून टाळ्या आल्या, आणि टाळ्यांत एका उशिरा चालणाऱ्या घड्याळाचे अकरा ठोके मिसळले. परतताना मालकांनी ते गुळगुळीत पुस्तक टेम्पोत मागे टाकलं आणि फ्रेम नसल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी वेल्डरकाका त्यावर बसून आले.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि आई समोर शेंगा सोलत होती. तिने सगळं सांगितलं. बारा फेऱ्या, विहीर, शंभर घड्याळांचे अकरा, गुरुजींची मान. आई पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. पाणसळ उलटी फिरवण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि ती परत खोचायची विसरले.

मिलीमीटरने पाणसळ टेबलावर ठेवली. पिशवीतून पेचकस काढला आणि पितळी पत्र्याचे दोन स्क्रू सोडवले. पत्रा उचलला. डाव्या टोकाखाली काडेपेटीच्या काडीची एक चपटी कपची होती. धारेच्या पटाशीने, अगदी हळुवार हाताने तासलेली. असं काम या घरात एकच माणूस करू शकत होता.

शेंगांची सालं तेवढी वाजत होती.

"शेजारी उभे होते," शेवटी बाबा म्हणाले. "सगळी गल्ली उभी होती. मी सुतार."

"बाबा..."

"बोलू दे. एकदाच बोलतो." त्यांनी ती कपची उचलून तळहातावर घेतली. "तू पाणसळ मागितलीस तेव्हा मला तुला द्यायची नव्हती असं नाही. ती खोटी होती. खोटी पाणसळ लेकीच्या हातात कशी द्यायची? आणि खोटी आहे हे सांगायचं कसं? उलटी फिरवायला शिकवलं असतं तर पहिल्याच दिवशी तू मला पकडलं असतंस. म्हणून तेवढं एक शिकवलं नाही." त्यांनी टेबलाच्या चौथ्या पायाकडे बोट केलं. "टेबल वाकडं होतं. चौथा पाय जास्त वाटला म्हणून कापला, आणि आखूड झाला. तेव्हापासून म्हणतो, कापायचं नाही. फरशी सरळ होती. तिन्ही वेळा सरळ होती."

दहा वर्षांचा तो चपलेतला खडा तिने कधी झटकला, ते तिचं तिलाही कळलं नाही. ती बाबांच्या हातावर हात ठेवून बसली.

बाबांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग, दुसरीकडे बघत, ज्या आवाजात त्यांनी आजवर कुणाला काही मागितलं नव्हतं त्या आवाजात विचारलं, "तुझी ती फ्रेम... या फळीला बसेल का गं?"

"बसेल," ती म्हणाली. "उद्याच बसवते."

मग दोघांनाही आईची आठवण झाली. दोन वेळा घर धुळीने भरलं होतं तिचं. दोन वेळा स्वयंपाक अंगणात झाला होता. बाबा तिच्याकडे वळले, मान खाली घालून. "तुला फार त्रास दिला मी. तुला सांगायला हवं होतं."

आईने शेवटची शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले, पदराला हात पुसले.

"मी पहिल्याच दिवशी दोरी घेऊन चारही पाय मोजले होते," ती म्हणाली. "पण काय करू, त्या काळ्या फरशीचा रंग मला कधी आवडलाच नव्हता. आणि लालही नाही."